सगळं धरून

काउंटरवरच्या मुलीनं हेमलताच्या मनगटाला
पिवळा कागदी पट्टा चिकटवला आणि म्हणाली,
आता कशाचे पैसे विचारायचे नाहीत, काकू.
नाश्ता, दोन्ही जेवणं, सोलकढी, डॉल्फिनची बोट,
तीन रात्री, चार दिवस,
सगळं धरून.

हिनं तरी विचारलंच,
"आणि चहा दुसऱ्यांदा घेतला तर?"

पैसे धाकट्यानं भरलेले, परस्पर.
खोलीपासून भोगव्याचं पाणी अठ्ठावीस पायऱ्या खाली.
एकतीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीत बसलेला माणूस
मोजल्याशिवाय उतरत नाही.

पहिल्या दुपारी तिनं भात घेतला, सुरमईची एक तुकडी,
आणि वाट बघत बसली
कुणीतरी वाढायला येईल, घ्या हो म्हणेल.
इथे आग्रह नव्हता. नुसती वाफ होती झाकणांखाली.
शेजारच्या पोरानं पाच गुलाबजाम घेतले, दीड खाल्ला.
उरलेल्या साडेतीनांकडे
ती हात धुवेपर्यंत बघत होती.

बोटीत डॉल्फिन दिसले नाहीत.
नावाडी म्हणाला, काल होते.

रात्री ती उठून बसली.
गादी टोचत नव्हती,
सकाळसाठी काही भिजत घातलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लाटेत पट्टा भिजला,
त्याचा रंग मनगटावर हळदीसारखा उतरला.
अंगठ्यानं ती तो गोल गोल फिरवत राहिली,
चपला एका हातात, साडी पोटरीपर्यंत भिजलेली,
आणि मला कळलं ती कुठे पोचलीय:
मिरज, तिसरा मजला, खाट अकरा.
तेव्हाही असाच पट्टा, पांढरा,
त्यावर नाव चुकवलेलं, हेमालता.
तिथे काहीच धरलेलं नव्हतं.
कापूस वेगळा, सलाईन वेगळं,
व्हरांड्यात माझ्या पाठीखालची चटई,
रात्रीचे तीस रुपये.
तिची एक पाटली मी तेव्हा मोडली
आणि ती शुद्धीवर आल्यावर म्हणालो,
गडबडीत कुठे पडली कोण जाणे.

तिसऱ्या सकाळी ती खोलीत नव्हती.
पायऱ्यांवर नाही, झोपाळ्यावर नाही.
फाटकाबाहेर, माडांच्या पलीकडे,
तिचा आवाज आधी ऐकू आला,
मंगळवारच्या बाजारातला, खणखणीत,
मी तो गेले तीन दिवस विसरलोच होतो.

तांडेलांच्या अंगणात सुके बांगडे पसरलेले.
"दोनशेक माका परवडूचा नाय, काकी.
तुमी वरच्या हाटेलातली मा?"
हिनं पदर ओढून मनगट झाकलं.
"हाटेलातली कसली? पावणी आहे मी."
शेवटी दोनशे वीस, आणि वर दोन बांगडे.
रुमालाच्या गाठीतून तिनं नोटा काढल्या,
थुंकी लावून मोजल्या, पुन्हा मोजल्या.
चेहरा असा, जणू आत्ताच समुद्र दिसलाय.

परत येताना वाळूत पाय रुतत होते.
पिशवी माझ्याकडे देत म्हणाली,
"ती पाटली तुम्ही कितीला मोडलीत?"

अकरा वर्षं.
मी आकडा सांगितला. लाट येऊन गेली.
"फसवलं तुम्हाला त्यानं," ती म्हणाली.
"मला उठवायचं होतंत.
अजून चार हजार काढून दिले असते त्याच्याकडून."

निघताना त्या मुलीनं कात्री आणली.
"राहू दे," ही म्हणाली, "भांडी घासताना निघेल."

करूळच्या घाटात एसटीभर बांगड्यांचा वास.
पुढच्या माणसानं मागे वळून बघितलं,
मग खिडकी सरकवली.
ती झोपली होती, तोंड थोडं उघडं.
पिशवी तिनं माझ्याकडून केव्हा परत घेतली
मला कळलंही नाही.